दारू सुटली, पण पाय जळतात

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : डॉक्टर मॅडम, मी इचलकरंजीचा. वय ४६. यंत्रमागावर कामाला आहे. वीसेक वर्षं रोज पीत होतो, शेवटी शेवटी तर सकाळपासूनच. गेल्या गणपतीच्या आधी व्यसनमुक्ती केंद्रात राहून आलो, तेव्हापासून थेंब घेतलेला नाही. दारू सोडलेल्यांच्या मिटिंगला नियमित जातो. पण दोन्ही पायांची नुसती आग होते. दिवसा मागापुढं उभं राहिलं की गादीवर उभा आहे असं वाटतं, आणि रात्री आडवं झालं की तळवे भाजतात. चादर लागली तरी सहन होत नाही. चप्पल पायातून निसटून मागं राहते, मला पत्ता नसतो. धागा तुटला तर गाठ मारताना बोटांना सूत नीट लागत नाही. पिणं चालू होतं तेव्हा एवढा त्रास नव्हता. चालताना तोल जातो म्हणून गल्लीतले लोक म्हणतात, 'परत सुरू झालं वाटतं.' बायको तोंडाचा वास घेते. हे बरं होईल का? किती दिवसांत? नाव छापू नका.

उत्तर : बऱ्याच अंशी बरं होऊ शकतं. पूर्ण होईलच, असं मी सांगणार नाही. वेळ महिन्यांत मोजावा लागेल, कदाचित वर्ष-दोन वर्षांत. आणि हे सगळं तुम्ही दारूपासून लांब राहिलात तरच.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं : 'पिणं चालू होतं तेव्हा एवढा त्रास नव्हता.' मला सगळ्यात जास्त काळजी या वाक्याची वाटते. नसा तेव्हाही खराब होतच होत्या, पण दारू स्वतःच बधिरी आणते, त्यामुळे त्यांची ओरड तुमच्यापर्यंत पोचत नव्हती. आता ती बधिरी उतरली आहे. शिवाय नसांची टोकं नव्यानं वाढायला लागली की तीही काही काळ मुंग्या, चमका, आग असे चुकीचे संदेश पाठवतात. म्हणजे दुखणं वाढलं याचा अर्थ दारू सोडल्यानं बिघडलं असा होत नाही. पण रात्री दीड वाजता तळवे जळत असताना, 'एक घोट घेतला तर झोप तरी लागेल' हा विचार फार खरा वाटतो. कित्येक महिने सोबर राहिलेली माणसं मी याच विचारापायी घसरताना पाहिली आहेत. म्हणून पायांची आग सहन करून दाखवू नका. तिच्यावर इलाज करणं हा दारू सोडण्याचाच भाग आहे.

झालंय काय, ते सांगते. दारू आणि शरीरात तिच्यापासून तयार होणारं अ‍ॅसिटाल्डिहाइड नसांना थेट इजा करतात. त्यात पिणाऱ्याचं जेवण तुटतं, आतड्यातून बी-१ जीवनसत्त्व म्हणजे थायमिन नीट शोषलं जात नाही, आणि शरीरात त्याचा साठा असतो तोच मुळात काही आठवड्यांपुरता. नस जितकी लांब तितकी आधी उपाशी पडते, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते. बधिरपणा गुडघ्याच्या आसपास चढला की हाताच्या बोटांचा नंबर लागतो. तुम्हाला सूत कळत नाही ते यामुळे. इजा झालेली नस अनुकूल परिस्थितीत दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते, म्हणजे महिन्याला जेमतेम १ इंच. कमरेपासून अंगठ्यापर्यंतचं अंतर बघितलंत, तर मी महिन्यांची भाषा का करते ते लक्षात येईल.

पण सगळं खापर दारूवर फोडून मोकळं व्हायचं नाही. फिजिशियनकडे किंवा न्यूरॉलॉजिस्टकडे जा आणि साखर (एचबीए१सी), बी-१२, थायरॉइड, लिव्हर, किडनी एवढं तपासून घ्या. आपल्याकडे बी-१२ कमी असणं सर्रास आढळतं, शाकाहारी माणसांत तर विशेष. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर त्यानंही ते कमी होतं. अंगावर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा असेल तर लपवू नका. कुष्ठरोगातही असाच बधिरपणा येतो आणि त्यावर सरकारी दवाखान्यात फुकट, खात्रीचं औषध मिळतं. टीबीच्या गोळ्या कधी घेतल्या असतील तर तेही सांगा. आणि एक प्रश्न आवर्जून विचारा. केंद्रातून तुम्हाला 'दारू प्यायलास तर त्रास होईल' अशी गोळी, म्हणजे डायसल्फिराम, दिली आहे का? काही जणांत त्या गोळीमुळेच नसा बिघडतात. ती आपली आपण बंद करू नका, पण पायांची तक्रार डॉक्टरांच्या कानावर घाला.

थायमिन सुरुवातीला इंजेक्शनानं, मग गोळ्यांनी देतात. ताकदीच्या गोळ्या मात्र मेडिकलवाल्याला विचारून दोन-तीन प्रकारच्या एकदम खाऊ नका. त्यांत बी-६ असतं, आणि ते महिनोन् महिने जास्त गेलं तर त्यानंच पाय बधिर होतात. दुसरं, 'नसांची कमजोरी' म्हटलं की कुणीतरी अश्वगंधारिष्ट सुचवतंच. आसवं-अरिष्टं आंबवून केलेली असतात, त्यांत अल्कोहोल तयार झालेलं असतं. बाटलीवर वाचून पाहा. तुमच्यासाठी ती वर्ज्य. डायसल्फिराम चालू असेल तर धोक्याचीसुद्धा.

आगीवर गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन अशी औषधं आहेत. कोणतं द्यायचं हे तुमचं लिव्हर आणि झोप बघून ठरतं. ड्युलोक्सेटिन लिव्हर खराब असलेल्याला देत नाहीत. प्रीगॅबालिनची काहींना सवय लागते. ट्रॅमाडॉलसारख्या गोळ्यांपासून तर तुम्ही लांबच राहिलेलं बरं. म्हणून डॉक्टरांसमोर बसल्यावर पहिलं वाक्य हेच असू द्या : 'मी दारू सोडलेला माणूस आहे.' यात लाजण्यासारखं काहीही नाही, आणि याच वाक्यावर औषधाची निवड ठरते.

आता तोल. आमच्याकडे पेशंट आला की आम्ही ट्यूनिंग फोर्क वाजवून त्याच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवतो आणि डोळे मिटायला सांगतो. 'थरथर कळते का?' तुमच्यासारखे पेशंट थोडा वेळ गप्प राहतात आणि म्हणतात, 'लावलंय का?' मग दोन्ही पाय जुळवून उभं करतो. डोळे उघडे असेपर्यंत माणूस ठीक उभा असतो, मिटले की डुलायला लागतो, कारण पाय कुठं आहे हे पायाकडून मेंदूला कळत नाही, ते काम डोळे करत असतात. म्हणून तुमचा तोल अंधारात, आणि मोरीत तोंडावर पाणी मारताना जास्त जात असणार. ही तपासणी होईल तेव्हा वहिनींना शेजारी उभं राहू द्या. डॉक्टरांच्या तोंडून आणि स्वतःच्या डोळ्यांनी कळलं की वास घेण्याची वेळ हळूहळू कमी होईल. तोवर त्यांच्यावर चिडू नका. वीस वर्षं त्यांनी तो वास सोसला आहे, त्यांची भीती एका वर्षात जाणार नाही. गल्लीचं मात्र मनावर घेऊ नका. गल्लीला तुम्ही उत्तर देणं लागत नाही.

पाय बधिर आहे तोवर त्याला डोळ्यांनी सांभाळायचं. रोज रात्री उजेडात तळवे बघा, बोटांच्या बेचक्यासुद्धा. दिसत नसेल तर आरसा खाली ठेवा. काच, खिळा, फोड काहीही कळणार नाही, म्हणून कारखान्यातही अनवाणी नको. अंगठ्याची चप्पल सोडून मागं पट्टा असलेली मऊ सँडल घ्या. थंडीत शेक घ्यायचा नाही. गरम पाण्याच्या पिशवीनं तळवा पोळलेला आणि सकाळी चादरीला पाणी लागलं तेव्हा समजलं, असे पेशंट दर हिवाळ्यात येतात. अंघोळीचं पाणी हाताच्या कोपरानं बघा, तेही नीट कळत नसेल तर वहिनींना बघायला सांगा. संडासाच्या वाटेवर रात्रभर छोटा दिवा असू द्या. व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. ओट्याला धरून टाचा उचलणं, एका पायावर उभं राहणं, हे घरी रोज होण्यासारखं आहे.

जेवणाबद्दल फार लिहीत नाही. ज्वारी-बाजरी, डाळी, उसळी, शेंगदाणे, तीळ, चालत असतील तर अंडी, आणि पांढऱ्याशुभ्र तांदळाऐवजी हातसडीचा. आइकमन नावाच्या डच डॉक्टरला १८९० च्या दशकात जावामध्ये दिसलं, की कोंडा काढलेल्या पांढऱ्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की त्या पुन्हा चालू लागतात. त्यातूनच पुढं बी-१ चा शोध लागला, आणि १९२९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तुमच्या भागात दारू सुटली की तंबाखूचा मावा वाढतो, हे मी बघते. तोही सोडा. तंबाखू पायांचा रक्तपुरवठा कमी करते.

रात्रीची तयारी संध्याकाळीच करा. औषधाची वेळ चुकवू नका. पाय थोडा वेळ साध्या गार पाण्यात ठेवा, बर्फात नको, आणि बोटांच्या मधून कोरडे पुसा. पायथ्याशी पाट उभा करून त्यावर चादर टाका म्हणजे ती तळव्यांना लागणार नाही. आणि मिटिंगमधल्या एका माणसाला आजच विचारून ठेवा, 'रात्री उशिरा फोन केला तर चालेल का?' तो नाही म्हणणार नाही, तो स्वतः त्या रात्रींतून गेलेला असतो. पायांबद्दल मिटिंगमध्येही बोला. तिथं बसलेल्यांपैकी आणखी कुणाची तरी चप्पल निसटत असेल.

सुधारणेची खूण मोठी नसते. माझे एक पेशंट, निवृत्त शिपाई, दारू सोडल्यावर दुसऱ्या वर्षी आनंदानं सांगत आले, 'मॅडम, काल चप्पल निसटली ते मला कळलं!' आग तेव्हाही थोडी होतीच.

उशीर करायचा नाही अशा गोष्टी : काही दिवसांत झपाट्यानं पाय लुळे पडणं, लघवी-संडासवरचा ताबा जाणं, एकाचं दोन दिसणं, बोलण्यात गोंधळ. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात.

प्रश्न : माझे पती रोज पितात. त्यांचे पाय बधिर झालेत. दर महिन्याला ताकदीचं इंजेक्शन घेतात आणि म्हणतात, आता चालतंय. त्यांच्या नकळत जेवणातून दारू सोडवायची पावडर द्यावी का? – एक भगिनी, सातारा जिल्हा

उत्तर : नका देऊ. अशा पावडरींत बऱ्याचदा डायसल्फिराम असतं. नकळत पोटात गेलं आणि वर दारू प्यायली तर रक्तदाब एकदम घसरून जिवावर बेतू शकतं. शिवाय वर लिहिलंय तसं, ते नसाही बिघडवू शकतं. इंजेक्शनाबद्दल : दारू चालू असताना जीवनसत्त्व दिल्यानं नुकसान थोडं कमी होईल, पण थांबणार नाही. त्यांनी सोडायची तयारी दाखवली तर घरातल्या घरात एकदम बंद करायला लावू नका. रोज पिणाऱ्याला पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडायची. पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून हे काम करतंय. तुमच्या जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागातही चौकशी करा. १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन फुकट लागतो. ते तयार नसले तरी तो फोन तुम्ही स्वतःसाठी करू शकता.