सुनील छेत्री सतत सोशल मीडियावर दिसतो, मग त्याच्या मेहनतीचं कौतुक खरं मानायचं का?

तुम्ही विचारलंय की भारताचा माजी फुटबॉल कर्णधार छेत्री, त्याने चाळिशी ओलांडली तरी त्याचे व्हिडिओ, लाइव्ह गप्पा, चाहत्यांना उत्तरं हे सगळं चालूच असतं. मग हा माणूस सराव करतो कधी, आणि त्याच्या मेहनतीचे गोडवे म्हणजे नुसता देखावा तर नव्हे? यावरून तुमच्या मित्रांत दोन तट पडलेत, असंही लिहिलंय.

माझ्या मते मेहनत खरी आहे, आणि तो फोनवर काय करतो हे नीट पाहिलं तर तीच मेहनत तिथेही दिसते. असं का वाटतं ते सांगतो.

२०१८ च्या जूनमध्ये इंटरकॉन्टिनेंटल कप ही देशादेशांची फुटबॉल स्पर्धा मुंबईत होती, अंधेरी स्पोर्ट्स कॉम्प्लेक्समधल्या मुंबई फुटबॉल अरीनावर. १ जूनला भारताने चायनीज तैपेईला (म्हणजे तैवानला) ५-० हरवलं, छेत्रीची हॅटट्रिक. प्रेक्षक किती? २,५६९. मी तेव्हा गोरेगावला राहत होतो, मैदान अर्ध्या तासावर, आणि मी गेलो नव्हतो. निकाल फोनवर वाचला. दुसऱ्या दिवशी त्याचा तो व्हिडिओ आला. युरोपातल्या क्लबांचे चाहते असलेल्यांना तो सांगत होता की आमचा दर्जा त्यांच्या जवळपासही नाही, मान्य, पण आमच्या जिद्दीमुळे तुमचा वेळ फुकट जाणार नाही. इंटरनेटवर शिव्या घालण्यात काय मजा, मैदानात या, आमच्या तोंडावर ओरडा, टीका करा, कोण जाणे, एखाद दिवशी तुमचं मत बदलेल आणि तुम्ही आमच्यासाठी ओरडाल.

आदल्या रात्री तीन गोल केलेला कर्णधार रिकाम्या खुर्च्यांसाठी विनवण्या करत होता. मला ते फार लागलं.

४ जूनला केनियाशी सामना, देशासाठीचा त्याचा शंभरावा. सगळी तिकिटं संपलेली. आझाद नगर मेट्रोपासूनच निळे टी-शर्ट दिसायला लागले, आणि पावसाने नुसतं झोडपून काढलं. मैदानात जागोजागी पाणी, पास दिला की चेंडू मध्येच थांबायचा. पहिल्या हाफमध्ये गोल नाही. मी खूप वेळ चेंडू सोडून फक्त छेत्रीकडे बघत होतो. चेंडू डबक्यात अडकला की तेहतीस वर्षांचा हा माणूस बचावपटूच्या अंगावर धावून जायचा, चेंडू मिळण्याची आशा नसली तरी. दुसऱ्या हाफमध्ये त्याची पेनल्टी, मग त्याचा सहकारी जेजेचा गोल. सामना खिशात होता. तरी इंज्युरी टाइममध्ये तो पुन्हा पळत सुटला आणि पुढे आलेल्या गोलकीपरच्या डोक्यावरून चेंडू अलगद टाकला. ३-०. भिजून चिंब झालेली सात-आठ हजार माणसं उभी होती, बरीचशी एका व्हिडिओमुळे आलेली.

आता त्याच्या बाकीच्या पोस्ट घ्या. लोकांच्या लक्षात राहिलेल्या म्हणतोय मी. २०२० च्या लॉकडाउनमध्ये एका चाहत्याने त्याच्याकडे नेटफ्लिक्सचा पासवर्ड मागितला आणि छेत्रीने त्याची मजेत दखल घेतली. ती पोस्ट इतकी फिरली की खुद्द नेटफ्लिक्सने त्या पोराची सोय केली. ही हलकीफुलकी गोष्ट झाली. त्याच सुमारास विराट कोहलीबरोबरच्या लाइव्हमध्ये काहींनी त्याच्या चेहऱ्यावरून, 'हा नेपाळी कोण' अशा कमेंट लिहिल्या. देशासाठी सर्वाधिक गोल केलेल्या माणसाला! अशा ठिकाणी रोज हजर राहणं ही मला तरी चैन वाटत नाही. आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये, बेड आणि ऑक्सिजनसाठी लोक वणवण फिरत होते तेव्हा, त्याने स्वतःचं ट्विटर खातंच मदतकार्य करणाऱ्यांच्या हाती दिलं. लाखो लोक बघतात ते खातं त्याने 'खऱ्या कर्णधारां'साठी मोकळं केलं. त्या महिन्यात माझ्या घरातले दोघं आजारी होते. खातं म्हणजे काय असू शकतं, हे मला तेव्हा कळलं.

स्वतःच्या अपयशाबद्दलही तो झाकून ठेवत नाही. २०१२ मध्ये पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबात गेला, तिथे आठवड्याभरात प्रशिक्षकाने तू मुख्य संघाच्या लायक नाहीस, ब संघात जा असं सांगितलं, हे त्यानेच जाहीर मुलाखतीत सांगितलंय. देखावा करणारा माणूस हे सांगेल?

'सराव कधी करतो' याबद्दल. व्यावसायिक फुटबॉलपटू दिवसाचे बारा तास धावत नसतो. मैदानावरचं सत्र दीड-दोन तासांचं, त्याला जोडून जिम आणि फिजिओ. बाकीचा दिवस शरीर भरून येण्यासाठी मुद्दाम मोकळा ठेवलेला असतो. दुपारी कोणी फोनवर बोलला म्हणून काही बिघडत नाही. बिघडतं ते खाण्यात आणि रात्रीच्या झोपेत. तिथे छेत्री किती कडक आहे हे त्याच्याबरोबर खेळलेले सगळे सांगतात. त्याने मांस-मच्छी सोडली, दूध-दुभतं सोडलं. मी कोकणातला आहे, ताटात मासळी नसेल तर जेवल्यासारखं वाटत नाही, म्हणून ही गोष्ट मला त्याच्या कुठल्याही गोलइतकी मोठी वाटते. आणि ती रोज तीन वेळा करायची असते, बघायला कोणी नसतं.

मी शनिवार-रविवार सकाळी आमच्या भागातल्या बारा-चौदा वर्षांच्या मुलांना फुटबॉल शिकवतो. गेल्या पावसाळ्यात एक पोरगा फोन बॅगेला टेकवून फ्री किकचे व्हिडिओ काढत होता. वीस किक मारल्या, तीन बसल्या, त्या तीन ठेवून बाकीच्या पुसून टाकत होता. मी हटकलं तर म्हणाला, "सर, छेत्रीपण टाकतो ना." मी फोन काढून घेतला नाही. पुढच्या रविवारी विसाच्या वीस ठेव म्हटलं. नंतर आम्ही दोघं कट्ट्यावर बसून फक्त हुकलेल्या सतरा किक पाहिल्या. जवळजवळ प्रत्येक वेळी त्याचा टेकता पाय चेंडूच्या बराच मागे पडत होता, त्यामुळे अंग मागे झुकून चेंडू वर उडत होता. त्याचा त्यालाच चटकन दिसलं. आता तो पाय चेंडूच्या बाजूला आणून टेकवतो आणि वीसपैकी सात-आठ बसतात. फोन तोच, पोरगा तोच.

मात्र तुमच्या मित्रांच्या बोलण्यात एक मुद्दा मला पटतो, आणि तो सोशल मीडियाचा नाही. १६ मे २०२४ ला छेत्रीने व्हिडिओ टाकून निवृत्ती जाहीर केली. पहिल्यांदा भारताची जर्सी मिळाली तेव्हा तिच्यावर अत्तर फवारलं होतं, हे सांगताना त्याचा चेहरा बघवत नव्हता. ६ जूनला कोलकात्यात सॉल्ट लेकवर कुवेतशी ०-० बरोबरी, भरलेलं स्टेडियम, डोळ्यांत पाणी. आणि २०२५ च्या मार्चमध्ये तो परत आला. शिलाँगला मालदीवविरुद्ध ३-० जिंकलो, पहिला गोल आपल्या मुंबईच्या राहुल भेकेचा, तिसरा छेत्रीचा, लिस्टन कुलासोच्या क्रॉसवर हेडर. देशासाठीचा त्याचा ९५ वा. पण पुढे आशियाई कपाच्या पात्रता फेरीत बांगलादेशशी बरोबरी, हाँगकाँगकडून हार, आणि ऑक्टोबरमध्ये गोव्यातल्या फातोर्ड्यात सिंगापूरने २-१ हरवून त्या कपाची वाटच बंद केली. त्याला परत बोलवायला नको होतं, ती जागा तरुण स्ट्रायकरला द्यायला हवी होती, असं कोणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. मलाही तसंच वाटतं. पण तो दोष संघ निवडणाऱ्यांचा आणि वीस वर्षांत दुसरा स्ट्रायकर घडवू न शकलेल्या आपल्या व्यवस्थेचा. हाक आल्यावर चाळिशीतही तयार असणाऱ्याला आळशी कसं म्हणायचं?

क्लबसाठी त्याच मोसमात त्याने काय केलं ते बघा. २०२४-२५ च्या इंडियन सुपर लीगमध्ये त्याच्या बेंगळुरू क्लबसाठी १४ गोल, डिसेंबरमध्ये केरळा ब्लास्टर्सविरुद्ध हॅटट्रिक, तीही चाळीस पूर्ण झाल्यावर.

६ एप्रिल २०२५ ला मी फातोर्ड्यात होतो. माझी सासुरवाडी मडगावची आणि मेव्हणा एफसी गोवा क्लबचा कट्टर चाहता. त्याच लीगच्या उपांत्य फेरीचा दुसरा सामना, दोन्ही सामन्यांचे गोल एकत्र धरून निकाल लागणार होता. पहिला बेंगळुरूने २-० जिंकलेला, आणि त्या रात्री गोव्याने दोन गोल करून सगळं बरोबरीत आणलं. स्टेडियम नुसतं दणाणत होतं, सगळे जादा वेळेची तयारी करत होते. ९२ वं मिनिट. क्रॉस आला, छेत्रीने डोकं लावलं, चेंडू जाळ्यात. इतक्या मोठ्या गर्दीला एका क्षणात गप्प होताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मेव्हणा खुर्चीत बसून राहिला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "भावोजी, चाळीस वर्षांचा आहे हो तो."

तो गोल शोधून मित्रांना दाखवा. बघताना चेंडूकडे लक्ष देऊ नका. क्रॉस सुटायच्या आधी छेत्री कुठे आहे आणि त्याच्याभोवतीचे तरणेताठे बचावपटू कुणीकडे बघताहेत, तेवढंच बघा.