उताराला गिअर का सुटतो?

प्रश्न : माझी अकरा वर्षांची हॅचबॅक कुंभार्ली घाट उतरताना दुसऱ्या गिअरमधून आपोआप न्यूट्रलला येते. चढताना काही होत नाही. सध्या दांडा धरून चालवतो. गॅरेजवाले म्हणतात, जाड ऑइल टाकू. मुळात टाकलेला गिअर जागेवर राहतो कशाने?
– एक वाचक, पाटण

उत्तर : आधी दांड्यावरचा हात काढा. तो दांडा केबलने गिअरबॉक्समधला एक फोर्क, म्हणजे दुहेरी काटा, हलवतो आणि तो काटा स्लीव्हच्या, म्हणजे गिअरला शाफ्टशी जोडणाऱ्या सरकत्या कड्याच्या, खाचेत बसलेला असतो. स्लीव्ह मिनिटाला हजारभर फेरे घेते, तुम्ही दांडा दाबून धरलात की फोर्क तिला घासत राहतो. म्हणजे उद्या फोर्कचाही खर्च.

आता गिअर टिकतो कसा? गिअर टाकताना हाताला ‘टक्’ लागतं ना, तो स्प्रिंगने रेटलेला छर्रा फोर्कच्या रॉडवरच्या खाचेत बसतो. पण एवढासा छर्रा घाटातला जोर कुठून पेलणार! खरी पकड दातांची. स्लीव्हचे आतले दात गिअरच्या कडेच्या बारीक दातांत सरकतात. हे दात टोकाशी रुंद आणि मुळाशी किंचित बारीक कापलेले असतात. त्यामुळे जोर आला की स्लीव्ह बाहेर यायच्या ऐवजी आतच ओढली जाते.

शिकाऊ होतो तेव्हा उस्तादांनी एक नवी आणि एक झिजलेली स्लीव्ह हातात देऊन म्हटलं, नख फिरव. नव्या दाताच्या बगलेत नख अडकलं. जुन्यावरून सुळकन घसरलं.

चढाला दाताची एक बाजू रेटते, उताराला ॲक्सिलरेटर सोडला की दुसरी. तुमची ती दुसरी बाजू झिजली असावी, असा माझा संशय आहे. पण लगेच गिअरबॉक्स उतरवू देऊ नका. सपाट रस्त्यावर दुसऱ्यात चालवत ॲक्सिलरेटर दाबा-सोडा, शेजारच्याला दांड्याकडे बघायला सांगा. दांडा पुढेमागे डुलत असेल तर इंजिनाच्या फाउंडेशनचे रबर बघा. शिवाय केबलचं सेटिंग चुकलं की गिअर अर्धाच बसतो आणि अर्धा बसलेला सुटणारच. ही दोन्ही कामं स्वस्तातली. त्यातून नाही भागलं तर मग स्लीव्ह, गिअर आणि फोर्क तिन्ही तपासून घ्या.

ऑइलचं म्हणाल, तर जाड ऑइलने झिजलेले दात भरून येत नाहीत. थंडीत सकाळी गिअर पडायला जड मात्र जाईल.

आणि गिअर सुटला की उतारावर सगळा भार ब्रेकवर येतो. काम होईपर्यंत चिपळूणला एसटीने जा.