टोकियोला येताना एक्सबॉक्स आणू का?

"दादा, एप्रिलमध्ये टोकियोला येतोय, गेम टेस्टर म्हणून. आजवर सगळं काम अमेरिकन क्लायंटचं केलं. जपानी गिऱ्हाईक असं किती वेगळं असतं? आणि एक्सबॉक्स आणू का?" असं तू विचारलंस.

एक्सबॉक्स पुण्यातच ठेव. २००२ साली मायक्रोसॉफ्टचा हा गेम कन्सोल इथे आला तेव्हा मूळचा अवजड कंट्रोलर जपानी हातांना झेपणार नाही म्हणून खास छोटा काढला. पुढे तोच अमेरिकेतही आवडला, पण इथे काही एक्सबॉक्स रुजला नाही. कॅलिफोर्नियात मित्राकडे सोफ्यावर पसरून भिंतभर टीव्हीवर खेळायचो. इथल्या माझ्या खोलीत सोफाच मावत नाही! लोक लोकलमध्ये उभ्याउभ्या खेळतात, तेही आवाज बंद करून. निन्टेंडोचा हातात धरून खेळायचा स्विच २ घेणार असशील तर नीट बघून घे. २०२५ च्या जूनमध्ये तो आला तेव्हा फक्त जपानी भाषेचा ४९,९८० येनला होता, बहुभाषिक ६९,९८० ला. स्वस्तातल्यावर अकाउंटही जपानचंच चालतं.

आता तुझ्या कामाचं. आपल्या बाई चुकलेल्या शब्दाभोवती लाल गोल काढायच्या ना? इथल्या बाई बरोबर उत्तराला गोल काढतात, चुकीला फुली. म्हणून जपानी प्लेस्टेशनवर गोल म्हणजे 'हो', फुली म्हणजे 'नाही', आणि अमेरिकेत नेमकं उलटं. इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात पीएस४ ने (प्लेस्टेशन ४) विचारलं, साठवलेला खेळ (सेव्ह) काढून टाकायचा का? मी सवयीने 'मागे' जायला गोल दाबला. चाळीस तासांचा खेळ गेला. पीएस५ वर २०२० पासून सगळीकडे फुलीच 'हो' केली, तर इथले जुने खेळाडू अजून कुरकुरतात. किर्बी, म्हणजे निन्टेंडोचा तो गुलाबी गोलू, त्याच्या गेमची दोन्हीकडची खोकी शेजारी ठेवून बघ: अमेरिकेत बऱ्याच खोक्यांवर त्याच्या भुवया रागाने ताणलेल्या, इथे तोच गोंडस हसरा. खेळ एकच, पण तिकडे 'गोंडस' म्हणजे पोरांचं, इथे चाळिशीतला माणूसही त्याची किचेन बॅगेला लटकवतो.

फोनचं आत्ताच बघून ठेव. भारतात घेतलेल्या अँड्रॉइडवर बहुतेक वेळा सुइका (लोकलच्या तिकिटाचं इथलं प्रीपेड कार्ड) चालत नाही, कारण त्याला लागणारी फेलिका चिप त्यात नसते. आयफोन ८ किंवा नंतरचा असेल तर चालतं. नसेल तर सुइकाचं साधं कार्ड घे, काही बिघडत नाही.

जुने गेम मात्र इथेच घे. अमेरिकेत मला जुनी डिस्क पांढऱ्या पाकिटात, वर किमतीचं स्टिकर चिकटवून मिळायची. अकिहाबारात, म्हणजे टोकियोतल्या गेम-इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, एकदा जुन्या गेमचं कार्ट्रिज घेतलं, तर दुकानदाराने प्लास्टिकमधलं खोकं दोन्ही हातांनी समोर धरलं, कोपऱ्यावरच्या नखाएवढ्या चुरगळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, हे चालेल ना? आत माहितीपुस्तिकाही होती. मला तर आधी तो कोपरा दिसलाच नाही.

आलास की पहिल्या रविवारी तिथेच नेतो. थोडे रोख येन जवळ ठेव.