दवाखाना एकच, मग डिमेन्शियात एवढा फरक का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत माजी सैनिकांना सरकारी व्हीए दवाखान्यांत सारखेच उपचार मिळतात, तरी कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिकी मुळाच्या) सैनिकांत डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) जास्त निघतो, मग हे रक्तातच असणार ना? आणि आशियाई म्हणून आपल्यालाही हे लागू होतं का? मी इथे ज्येष्ठांच्या स्मृती-चाचण्या घेते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही वाचलेला अभ्यास २०२२ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आला. १९९९ ते २०१९ या काळात व्हीएत उपचार घेणारे, पंचावन्न किंवा जास्त वयाचे १८ लाख ६९ हजार माजी सैनिक त्यात होते, आणि बायका जेमतेम २ टक्के. वयाचा फरक काढल्यावर गोऱ्यांत दर हजारी वर्षाला ११.५ नवे रुग्ण, आशियाईंत १२.४, मूळनिवासींत १४.२, कृष्णवर्णीयांत १९.४ आणि हिस्पॅनिकांत २०.७. इतर आजार वगैरे हिशेबात धरूनही गोऱ्यांच्या तुलनेत कृष्णवर्णीयांना दीडपट आणि हिस्पॅनिकांना जवळपास दुप्पट धोका उरतो.

आता याच्या शेजारी दुसरा अभ्यास ठेवा. उत्तर कॅलिफोर्नियात कैसर या स्वतःचे दवाखाने असलेल्या आरोग्य विमा संस्थेच्या २ लाख ७४ हजार सदस्यांवर झालेला, २०१६ साली छापून आलेला. तिथेही सगळ्यांना दवाखाना एकच. कृष्णवर्णीय तिथे सर्वांत वर (२६.६), पण लॅटिनो (म्हणजे हिस्पॅनिकच) १९.६ आणि गोरे १९.३, म्हणजे फरक नाहीच म्हणा. आशियाई १५.२, सगळ्यांत खाली! वयोगट वेगळा असल्यामुळे दोन अभ्यासांचे आकडे एकमेकांशी ताडू नका, फक्त क्रम बघा. रक्तातलीच गोष्ट असती तर विमा बदलल्यावर हा क्रम बदलला नसता. माझ्या मते तुमच्या पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच मिळतं.

उरलेल्यातलं बरंचसं आयुष्याच्या पहिल्या चाळीस-पन्नास वर्षांत आहे. माणूस साठीत व्हीएत येतो तेव्हा त्याच्या मेंदूचं बरंचसं ठरून गेलेलं असतं: शाळा कशी मिळाली, रक्तदाब किती वर्षं तसाच राहिला, घर कुठल्या वस्तीत होतं. १९४८ साली राष्ट्राध्यक्ष ट्रुमनचा आदेश निघेपर्यंत सैन्यात पलटणीसुद्धा रंगानुसार वेगळ्या होत्या. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्यांसाठी १९४४ चा जीआय बिल कायदा आला, कॉलेजचा खर्च आणि घरासाठी कर्जाची हमी देणारा. कागदावर सर्वांसाठी. पण कर्ज द्यायचं की नाही हे स्थानिक बँका ठरवायच्या. १९४७ साली मिसिसिपीतल्या तेरा शहरांच्या पाहणीत हमी दिलेल्या ३,२२९ कर्जांपैकी कृष्णवर्णीयांना मिळाली फक्त २. व्हीएच्या अभ्यासातले सर्वांत वयस्क सैनिक त्याच पिढीचे. आणि त्या अभ्यासात शिक्षण मोजलं ते ज्याचं त्याचं नाही, तर राहत्या झिपकोडवरून (म्हणजे तिथल्या पिनकोडवरून). अशा ढोबळ मापातून किती निसटत असेल याची कल्पना करा.

तिसरी बाजू निदानाची, आणि ती मी रोज बघते. 'मोका' नावाची स्मृती-चाचणी तीस गुणांची. घनाची आकृती बघून काढा, घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा, चित्रातला गेंडा ओळखा. बारावीपर्यंत किंवा त्याहून कमी शिकलेल्यांना एक गुण वाढवून देतात. पण अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीयांच्या कित्येक शाळा कापूसवेचणीच्या हंगामात बंद असत. तिथली बारा वर्षं आणि गोऱ्या वस्तीतली बारा वर्षं यांतला फरक एका गुणात कसा भरून निघणार? ज्याने आयुष्यात कधी घन काढला नाही, त्याचा गुण विसराळूपणामुळे गेला की सवय नसल्यामुळे, हे कागदावर दिसत नाही. व्हीएचा अभ्यास दवाखान्याच्या नोंदींवरच उभा आहे, त्यामुळे थोडा फरक इथून आलेला असू शकतो. सगळा मात्र नक्कीच नाही. उलट उशिरा होणारं निदानही याच गटांत जास्त.

तुमचा दुसरा प्रश्न. व्हीएच्या नोंदीतले 'आशियाई' म्हणजे फिलिपिनो, जपानी, चिनी, कोरियन, भारतीय सगळे एकाच खान्यात, आणि तेही फौजेत गेलेले. तो १२.४ पुण्याहून अमेरिकेत मुलाकडे आलेल्या आजी-आजोबांना लावू नका. त्यांच्यासाठी कामाचं एवढंच: चाचणी असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच मराठी दुभाषी मागा, फोनवरचा चालतो. मुलगा किंवा सून दुभाष्याच्या जागी बसली की "अहो आई, आठवा ना, आत्ताच सांगितलं होतं" असं नकळत बोललं जातं, आणि मग तो निकाल काही कामाचा राहत नाही.