‘माझ्याविषयी’ची रिकामी चौकट

“मॅडम, स्वतःबद्दल काय लिहू?” लग्नाची साइट असो, लिंक्डइन असो की इन्स्टाग्रामची 150 अक्षरं, हा प्रश्न घेऊन माझ्याकडे, म्हणजे समुपदेशकाकडे, वरचेवर कोणी ना कोणी येतं. खरं लिहिलं तर फिकं वाटतं आणि सजवून लिहिलं तर लाज वाटते, अशी प्रत्येकाची तक्रार.

त्यातल्या एका तरुणाबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. वय 31. सहा वर्षं एमपीएससीचा अभ्यास केला, दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचला. आता नागपूरच्या इतवारीत मामांच्या हार्डवेअरच्या दुकानात बसतो. आईने लग्नाच्या साइटवर नाव नोंदवलं आणि गाडी ‘माझ्याविषयी’वर अडली.

“तीन आठवडे झाले, लिहून राहिलो अन् पुसून राहिलो,” म्हणत त्याने मोबाइल पुढे केला. ‘महत्त्वाकांक्षी, कुटुंबवत्सल, मनमिळाऊ. व्यवसायात कार्यरत.’

“यात तुम्ही कुठे आहात?”

“कुठंच नाही. पण खोटंही काही नाही ना!”

दोन-तीन भेटी घरच्या अपेक्षांवर बोलण्यात गेल्या. मग मी कागद दिला. ‘मी कोण?’ या एकाच प्रश्नाची वीस उत्तरं लिहायची. कून आणि मॅकपार्टलँड या समाजशास्त्रज्ञांनी 1954 मध्ये मांडलेली ही साधी रीत मला अजूनही फार जवळची वाटते. सुरुवातीची उत्तरं बहुधा रेशनकार्डावरची असतात. मुलगा, भाऊ, पदवीधर, नागपूरकर. ती संपली की पेन अडतं, आणि तिथे घाई न करणं हे माझं काम.

दहाव्या ओळीवर त्याने लिहिलं, ‘मी नापास माणूस आहे.’ पेन खाली ठेवलं.

मी विचारलं, “हे लिहिताना डोळ्यांसमोर कोण होतं?”

बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, “माझा रूम पार्टनर. तो नायब तहसीलदार झाला. काहीही लिहायला घेतलं की वाटते, तो वाचून राहिला.”

मला त्या क्षणी जे उमगलं, ते नंतर अनेकांच्या बाबतीत कामी आलं. माणसाला स्वतःची माहिती नसते असं नाही. तो मनातल्या परीक्षकासाठी उत्तरपत्रिका लिहीत असतो. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी आपण आहोत तसे आणि आपण असायला हवं होतं तसे, यांतल्या अंतराबद्दल लिहिलं आहे. ते अंतर या रिकाम्या चौकटीत उघडं पडतं, म्हणून हात थबकतो.

“तो इथे नाही. मी आहे, आणि मला हार्डवेअरमधलं काही कळत नाही. मला सांगा.”

अकरावी ओळ आली: ‘बिजागरी हातात घेतली की ती किती जड दाराला टिकेल, ते मला कळते.’ बारावी: ‘स्वस्तातली चालत असेल तर महागडी गळ्यात मारत नाही.’ पुढची लिहिताना तो हसला. ‘भाचीला पुस्तक न उघडता इतिहास शिकवतो.’ ती सहा वर्षं या ओळीत होती, आणि आता ती त्याला बोचत नव्हती. एव्हाना तो माझ्याच टेबलाच्या कप्प्याच्या दाराची बिजागरी अंगठ्याने चाचपत होता. “हिचे स्क्रू ढिले झाले, मॅडम.”

तुम्हीही अडला असाल, तर आधी मनातला वाचक बदला. तुमच्यावर जीव असलेल्या, पण वर्षभरात न भेटलेल्या मावशीला सांगता तसं लिहा. ‘प्रामाणिक’, ‘मेहनती’ ही विशेषणं काढा आणि गेल्या आठवड्यात काय केलंत ते लिहा. मोठ्याने वाचा, जिथे आवाज बदलतो, ते वाक्य उसनं आहे. आणि खरं लिहायचं म्हणजे सगळंच लिहायचं नसतं. हुकलेल्या परीक्षा पहिल्या भेटीत सांगता येतात. त्या लपवणारं वाक्य मात्र लिहू नका.

त्याने शेवटी चार ओळी टाकल्या. पहिलीत दुकान होतं. आई म्हणाली, “दुकान कायले लिहितं बाप्पा? बिझनेस लिही.” त्याने ‘दुकान’च ठेवलं, आणि पुढच्या भेटीला येताना खिशात स्क्रू ड्रायव्हर घेऊन आला.