चिऊ-काऊच्या गोष्टीवर ॲनिमेशन फिल्म करतोय. चित्रशैली वारली ठेवू, थ्रीडी की वॉटरकलर?

तुम्ही लिहिलंय की फिल्म पाच मिनिटांची आहे, सगळं काम एकट्यानेच करायचंय आणि मन वारलीकडे ओढ घेतंय. तुमच्या जागी मी असतो तर तिन्ही बाजूला ठेवून सावलीचित्रं घेतली असती, काळ्या कागदातून कापलेली.

शैली ठरवण्याआधी गोष्टीचा जीव कुठे आहे ते बघा. या गोष्टीचा जीव दाराशी आहे. काऊचं शेणाचं घर वाहून गेलंय, तो भिजत उभा आहे. "चिऊताई चिऊताई, दार उघड." आतून उत्तर येतं, "थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते." मग "तीट लावते." आत ऊब, बाहेर गारठा, आणि दोन्ही एकाच चौकटीत दिसायला हवं. कागदी पात्रं काचेवर आडवी ठेवून, थोडीथोडी हलवत वरून फोटो काढायचे; त्या काचेखाली दिवा ठेवा आणि चिऊच्या घराची भिंत मेणकागदाची करा. मेणाचं घर खरोखरच मेणाचं! उजेड त्यातून मऊ होऊन झिरपतो, बाकी सगळा अंधार.

वारली मला मनापासून आवडते. पण तिची ताकद गर्दीत आहे: तारपा नाच, भातलावणी, लग्नाचा चौक. दोन पाखरं आणि एक बंद दार, यात तिला फारसा वाव नाही. थ्रीडीची अडचण वेगळी. काही घरांत गोष्टीच्या शेवटी चिऊ काऊला तापल्या तव्यावर बसवते. आजीच्या तोंडून ऐकताना मुलं हसतात, पण हुबेहूब पिसं करपताना त्यांना बघवणार नाहीत. सावलीत नुसती उडी दिसते. आणि वॉटरकलर म्हणाल तर सेकंदाला 24 फ्रेमने पाच मिनिटांच्या 7200 फ्रेम होतात. एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी 3600 चित्रं! एकट्याने नका करू.

कागदी पात्राला मात्र एकदा सांधे दिले की तेच पुन्हापुन्हा हलवता येतं. लोटे रायनिगरने जर्मनीत याच पद्धतीने कात्री, पुठ्ठा, शिशाचे पत्रे आणि तारेचे सांधे घेऊन पूर्ण लांबीची परीकथा केली, 1926 साली. आपल्याकडे कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलाकार चामड्याच्या बाहुल्या पडद्यामागे दिव्यापुढे नाचवतात. सुरुवात करण्याआधी एकदा तिथे जाऊन याच. केवळ कडेच्या रेषेवर पात्र कसं ओळखू येतं ते डोळ्यांनी बघण्यासारखं आहे.

सावलीत चेहरा नसतो, त्यामुळे भाव सगळा अंगलटीतून आणावा लागतो. मी पहिला काऊ कापला तो नुसता कावळा दिसत होता, भिजलेला वाटेना. मग मान खांद्यात ओढून घेतली, शेपटी खाली सोडली आणि नखं कापायच्या कात्रीने पोटाच्या कडेला बारीक टोकं काढली, पिसं चिकटून ओघळल्यासारखी. लगेच तो कुडकुडायला लागला. तेव्हा काऊ दोन कापा, एक कोरडा, एक ओला. मान, पंख आणि पाय तांब्याच्या बारीक तारेने जोडा. पावसासाठी पारदर्शक शीटवर शाईच्या तिरक्या रेघा मारा आणि ती दर फ्रेमला थोडी खाली सरकवा.

आधी फक्त दाराचा प्रसंग करा, दहाच सेकंदांचा. आवाज न लावता घरातल्या एखाद्या लहान मुलाला दाखवा. ते आपणहून "उघड ना गं दार" म्हणालं, की पुढची पात्रं कापायला घ्या.