ताठरतेची गोळी घ्या, पण चोरून नको

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: वय ५२, शुगर बरीच वर्षं आहे, बीपीची एक गोळी रोज चालू. मित्राने ताठरतेसाठीच्या सिल्डेनाफिलची १०० मिलीग्रॅमची अर्धी गोळी दिली, काम झालं, पण डोकं रात्रभर ठणकलं. आता डॉक्टरकडे न जाता मेडिकलमधून परस्पर आणली तर चालेल का, आणि बायकोला कळू न देता घेता येईल का, असं विचारताय.

मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. औषधाच्या काउंटरमागे उभं राहून केस पांढरे झाले. ही गोळी मागणारा माणूस दुकान रिकामं व्हायची वाट बघत बाहेर उभा राहतो आणि चिठ्ठी मागितली की निघून जातो, तेव्हा तुमचा संकोच मला नवा नाही. पण माझं मत स्पष्ट आहे: गोळीपेक्षा लपवाछपवीचा धोका मोठा.

गोळी तशी जुनी आणि पारखलेली. छातीत दुखण्यावर औषध शोधताना सिल्डेनाफिलचा हा गुण लक्षात आला, १९९८ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. आपल्याकडे २००१ पासून देशी कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि किंमत आवाक्यात आली. योग्य माणसाने योग्य मात्रेत घेतली तर ती निर्धोक म्हणण्याइतकी चांगली आहे. डोकं दुखणं, चेहरा लाल होणं, नाक चोंदणं, ॲसिडिटी हे नेहमीचे त्रास. काहींना थोडा वेळ सगळं निळसर दिसतं. मात्रा कमी केली की हे बहुतेक वेळा कमी होतं.

जीव जातो तो वेगळ्या कारणाने. रक्तवाहिन्या सैल करणारा एक पदार्थ आपल्या शरीरात तयार होत असतो. ही गोळी तो मोडू देत नाही. सॉर्बिट्रेट, मोनोट्रेटसारखी छातीत दुखण्यावरची नायट्रेटची औषधं तोच पदार्थ आणखी बनवतात. एकाने नळ सोडायचा आणि दुसऱ्याने मोरीला बोळा कोंबायचा, तसं होतं. बीपी इतका खाली येतो की माणूस उठत नाही. निकोरँडिल नावाची हृदयाची गोळी असते, तिचंही तेच. यापैकी काही चालू असेल तर या गोळ्या तुमच्यासाठी नाहीत. अर्धी नाही, पाव नाही.

तुम्ही म्हणाल, मला हृदयाचा त्रासच नाही. ठीक. पण व्हॉट्सॲपवर फिरणारा तो मेसेज तुमच्याही घरी आला असेल, छातीत दुखलं तर जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवा म्हणून. कितीतरी घरांत देवघराच्या खणात ती गोळी ठेवलेली असते. समजा, तुम्ही रात्री दहाला गुपचूप सिल्डेनाफिल घेतली आणि बाराला छातीत कळ आली. बायको घाबरून काय करेल? सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवेल. तिची चूक नाही, तिला कोणी सांगितलंच नाही. सिल्डेनाफिलनंतर किमान २४ तास आणि टाडालाफिल या ताठरतेच्याच दुसऱ्या गोळीनंतर ४८ तास नायट्रेट देत नाहीत. छातीत दुखलं तर संबंध थांबवा, १०८ ला फोन करा, आणि येणाऱ्या डॉक्टरला कोणती गोळी, किती वाजता घेतली ते पहिल्या वाक्यात सांगा. तुमची शुद्ध गेली तर हे सांगणारं कोणीतरी घरात हवं. बायकोला सांगा, असं मी म्हणतो ते एवढ्याचसाठी. नवराबायकोत मोकळेपणा असावा वगैरे प्रवचन द्यायला मी बसलेलो नाही.

आता डॉक्टरकडे का जायचं. शुगरवाल्या माणसाला ताठरतेची अडचण येणं हा नुसता बेडरूमचा प्रश्न नसतो. लिंगाच्या धमन्या जेमतेम एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चारच्या. आतून थर साचायला लागला की बारीक नळी आधी तक्रार करते. ही तक्रार सुरू झाल्यावर दोन ते पाच वर्षांनी हृदयविकार समोर आला, असं बऱ्याच रुग्णांत दिसलं आहे. म्हणून एम.डी. डॉक्टर तुमची तीन महिन्यांची शुगर, कोलेस्टेरॉल, ईसीजी, कधी स्ट्रेस टेस्ट आणि सकाळचं टेस्टोस्टेरॉन बघतील. दोन जिने चढताना छाती भरून येत असेल तर गोळीच्या आधी त्याचा तपास. गेल्या सहा महिन्यांत हार्ट अटॅक किंवा लकवा झाला असेल, किंवा बीपी १७० / ११० च्या वर जात असेल, तर डॉक्टर आधी तेच हातात घेतील. जुन्या धाटणीच्या काही बीपीच्या गोळ्या आणि डिप्रेशनच्या गोळ्यांनीही ताठरता कमी होते. त्या बदलता येतात, पण स्वतःहून बंद करू नका.

ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टनसारख्या बीपीच्या गोळ्यांबरोबर सहसा चालतं, बीपी थोडा जास्त उतरतो इतकंच. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन किंवा बीपीसाठी प्राझोसिन असेल तर मात्र २५ मिलीग्रॅमपासूनच सुरुवात करतात, नाहीतर रात्री लघवीला उठताना चक्कर येऊन बाथरूममध्ये पडायला होतं. आणि एक गोष्ट कोणाच्याच ध्यानात येत नाही: नायटा. आपल्याकडे नायट्यासाठी इट्राकोनॅझोल आठवडेच्या आठवडे चालू असतं. ते आणि क्लॅरिथ्रोमायसिनसारखी अँटिबायोटिक्स यकृतात सिल्डेनाफिल मोडण्याची गती मंदावतात, त्यामुळे ५० घेतली तरी असर त्याहून बराच मोठी मात्रा घेतल्यासारखा होतो. त्वचेच्या डॉक्टरला ही गोळी सांगायची आणि या डॉक्टरला ते मलम-गोळ्या सांगायच्या. लाज वाटत असेल तर सगळ्या स्ट्रिप एका पिशवीत घालून टेबलावर ओता.

घ्यायची कशी, हे मित्र सांगत नाहीत. सिल्डेनाफिल साधारण तासभर आधी, हलक्या पोटी. मटणाच्या जेवणावर घेतली की असर उशिरा आणि कमी होतो, मग माणूस दुसरी घेतो. ते करू नका, २४ तासांत एकच, आणि १०० च्या वर कधीच नाही. असर चारेक तास. टाडालाफिलला जेवणाची तितकी अडचण नाही, असर ३६ तासांपर्यंत राहतो, मात्र पाठ-कंबर दुखू शकते. ५ मिलीग्रॅमची रोजची मात्राही असते, प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांना डॉक्टर तीच बरेचदा देतात. दोन्ही गोळ्या एकत्र नाहीत. इच्छा आणि स्पर्श नसेल तर नुसत्या गोळीने काही होत नाही. पहिल्यांदा जमलं नाही म्हणून टाकून देऊ नका, नीट घेऊनही पाच-सात वेळा बघावं लागतं. दारूचं म्हणाल तर एखादा पेग वेगळा, पण पार्टी करून आल्यावर गोळी घेणं म्हणजे बीपी दोन्हीकडून पाडणं, आणि दारूने ताठरताही जातेच.

मित्राच्या स्ट्रिपवर बारीक अक्षरात काय आहे ते वाचा. बाजारात सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिलबरोबर डॅपॉक्सेटिन घातलेल्या गोळ्या भरपूर आहेत. ते शीघ्रपतनाचं औषध. तुम्हाला ती तक्रारच नसेल तर विनाकारण मळमळ आणि उभं राहताना चक्कर पदरात पडते. डिप्रेशनच्या गोळ्यांबरोबर तर ते घ्यायचंच नाही.

एसटी स्टँडवरच्या जाहिराती, 'शंभर टक्के आयुर्वेदिक' कॅप्सूल, परदेशी नावाची तेलं आणि गोळ्या, यांचा मला खरा राग येतो. अशा मालात सिल्डेनाफिल लपवून घातल्याचं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पुन्हा पुन्हा पकडलं आहे. म्हणजे हृदयाचा रुग्ण जडीबुटी समजून नेमकं तेच खातो. सिंगापूरमध्ये २००८ साली अशा बेकायदा गोळ्यांत शुगर उतरवणारं ग्लिबेनक्लामाइड निघालं. ज्यांना शुगर नव्हतीच अशी दीडशे माणसं साखर एकदम खाली जाऊन इस्पितळात भरती झाली, चार दगावली. तुम्ही तर आधीच शुगरच्या गोळ्या घेताय.

ताठरता चार तासांनंतरही उतरली नाही तर सकाळची वाट न बघता थेट मोठ्या इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत जा. उशीर झाला तर कायमचं नुकसान होतं. एका डोळ्याने अचानक दिसेनासं झालं किंवा अचानक ऐकू येईना, तर गोळी बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर.

ही चिठ्ठीवरची औषधं आहेत, शेड्यूल एच मधली. चिठ्ठी मागणारा दुकानदार तुम्हाला छळत नसतो. डॉक्टरसमोर तोंड उघडत नसेल तर 'शुगरमुळे संबंधात अडचण येते' एवढं कागदावर लिहून पुढे सरकवा. बाकीचे प्रश्न ते विचारतात, रोजचंच आहे त्यांना. चिठ्ठी मिळाली की बिल घ्या, बॅच नंबर आणि मुदत बघा, आणि ती स्ट्रिप शुगरच्या गोळ्यांच्याच डब्यात ठेवा.